ज्वारीच्या कण्या आणि मोडाची मटकी: न्याहारीच्या वाडग्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी गोडमिट्ट ओट्स खाऊन अकरा वाजता पुन्हा डबे उघडणाऱ्यांसाठी आणि दूध-दही-तूप सोडलेल्यांसाठी हा वाडगा आहे. खाली ज्वारीच्या मोकळ्या कण्या, वर मोडाच्या मटकीची रसदार उसळ, सोबत काहीतरी कच्चं, काहीतरी आंबट आणि एक कोरडी चटणी. मापं चार जणांची आहेत. वाटी म्हणजे आमटीची, साधारण १५० मिलीची.

कण्या आणायच्या कुठून? दुकानातला ज्वारीचा रवा चालेल का?

रवा उपम्याला चांगला, इथे नको. तो बारीक असतो, शिजला की त्याचा लगदा होतो आणि वरून उसळ ओतली की सगळं एकजीव. आपल्याला अर्धा-पाव दाणा हवा. गिरणीत "कण्या काढून द्या" म्हटलं की जुन्या गिरणीवाल्याला बरोबर कळतं. शहरात "आमच्याकडे पीठच निघतं" असं ऐकायला मिळतं. मग घरीच मिक्सरमध्ये मूठ-दोन मूठ ज्वारी घालून थांबत थांबत तीन-चार झटके द्या. सलग फिरवलंत तर पीठ झालंच म्हणून समजा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग कण्या चिकट झाल्या म्हणून कुरकुरतात: पिठाच्या चाळणीने चाळून पीठ काढून टाकायचं. वर जे उरतं त्या कण्या. हातात घेऊन घासल्या तर तळव्याला पांढरं लागता कामा नये. लागत असेल तर अजून एकदा चाळा. खाली पडलेलं पीठ वाया जात नाही, दुसऱ्या दिवशी आंबील करा किंवा थालीपिठाच्या भाजणीत मिसळा.

ज्वारी कोणती घ्यावी?

रब्बीची मालदांडी, मिळाली तर. दाणा टपोरा, मोतिया आणि चवीला गोडसर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. तिथल्या काळ्या, खोल जमिनीत ही ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. खरिपाची संकरित ज्वारी स्वस्त पडते, पण कणसात असताना पाऊस लागला तर दाणा काळा पडतो आणि चवीत कडसरपणा येतो. घेताना दाणे मुठीत धरून वास घ्या. कुबट वास आला की पुढचं दुकान.

पूर्ण कृती एकदा नीट सांगाल का?

सांगते. दीड वाटी कण्या आणि एक वाटी कोरडी मटकी (मोड आल्यावर ती अडीच-तीन वाट्या होते).

कण्या कोरड्याच कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. रंग बदलायला नको, फक्त भाजक्या ज्वारीचा वास सुटला पाहिजे. गार झाल्या की दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी निथळून पावणेचार वाट्या ताजं पाणी, मीठ आणि चमचाभर तेल घालून कुकरच्या भांड्यात चार शिट्ट्या करा, मग गॅस बारीक करून पाच-सात मिनिटं ठेवा. तेल चवीसाठी नाही, फेस वर येऊन शिट्टीत अडकू नये म्हणून. कुकर आपोआप उघडेपर्यंत थांबा. उघडल्यावर लगेच काट्याने मोकळ्या करा आणि झाकण अर्धवट ठेवून वाफ जाऊ द्या. पहिल्या दोन मिनिटांत जरा ओलसर वाटतात, वाफ गेली की सुटतात.

तोवर दुसऱ्या शेगडीवर उसळ. दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल, मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता. एक कांदा बारीक चिरून गुलाबी होईतो परता. मोडाची मटकी टाकून अलगद हलवा, दोन वाट्या कढत पाणी घाला, झाकणीत पाणी ठेवून वाफेवर शिजवा. मोड आलेल्या मटकीला कुकर लागत नाही, बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. झाली की नाही ते असं पाहा: एक दाणा दोन बोटांत दाबला की तो सहज चपटा व्हावा, पण साल दाण्यालाच धरून राहावं. साल सुटून पाण्यावर तरंगायला लागली तर पाच मिनिटं उशीर झाला.

आता दीड चहाचा चमचा गोडा मसाला, बेताचं तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ. एक उकळी आली की तीन-चार आमसुलं टाकून गॅस बंद. आमसुलं आधी घालू नका, आंबटात कडधान्य शिजायचं थांबतं आणि मग तास गेला तरी दाणा टणकच. रस्सा पळीवाढा ठेवा, कण्यांना ओलावा इथूनच मिळणार आहे.

वाडग्यात आधी कण्या, त्यावर दोन डाव उसळ, मग काकडीचे किंवा मुळ्याचे तुकडे, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि कडेला चमचाभर चटणी. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची, घरात असेल ती. आमच्याकडे कारळ्याची जास्त खपते.

दोन भांडी कशाला? एकाच कुकरात दोन्ही लावलं तर?

तर खिचडी होईल. खिचडी वाईट नाही, पण ती खिचडी. कण्यांना दाब लागतो, मोडाच्या मटकीला नाही. एकत्र लावलं की कण्या व्हायच्या आत मटकी विरघळते, किंवा मटकी जपायला जावं तर कणीच्या पोटात कच्ची पांढरी रेघ राहते. या वाडग्याची सगळी मजा प्रत्येक घासात दोन वेगवेगळ्या चवी लागण्यात आहे: कणी चावावी लागते, मटकी दाताखाली फुटते. दोघांची गाठ पानातच पडली पाहिजे. बाकी मसाला, चटणी, भाजी हवी तशी बदला, या एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे.

म्हणजे ही पावाशिवायची मिसळच ना?

नातं आहे, नाकारत नाही. पण मिसळीचा जीव कटात आणि फरसाणात. इथे तर्री नाही, तेल बेताचं, आणि फरसाणाचं काम चटणी आणि कच्ची काकडी किंवा मुळा करतात. वर शेव भुरभुरायचा मोह होईल, रविवारी भुरभुरा. रोज करू लागलात तर मिसळच खा, तीही उत्तम असते.

मटकीला मोड नीट येत नाहीत, चिकट होते, वास येतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा पाणी. मटकी आठ-दहा तास भिजवली की पाणी पूर्ण निथळायला हवं. चाळणीत टाकून दहा मिनिटं तशीच ठेवा, मग ओल्या पण घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैलसर बांधा. घट्ट पुरचुंडी बांधली की मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि तिथूनच बुरसा वास सुरू होतो. फडकं सिंथेटिक नको. जुनं धोतर किंवा पंचाचा तुकडा यासाठीच जपून ठेवतात.

वेळेचा हिशोब असा ठेवा: शनिवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी बांधा, रविवारी सकाळी पाव इंचाचे मोड तयार. उन्हाळ्यात त्याहून लवकर. थंडीत दुप्पट वेळ धरा, आणि पुरचुंडी डब्यात घालून पिठाच्या डब्यांमागे, उबेला ठेवा. पावसाळ्यात दमट हवेमुळे बुरशी लवकर धरते, तेव्हा मध्ये एकदा उघडून दाण्यांना वारा द्या. लांबलचक मोड दिसायला छान, पण मटकी कडवट होते. दाण्याएवढा मोड झाला की फ्रिजमध्ये.

वास आंबूस आला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. उबदार आणि ओलसर जागा मोडांना आवडते तशी जंतूंनाही. म्हणूनच कच्चे मोड वर पेरण्यापेक्षा शिजवूनच खावेत. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी तर नक्कीच.

उसळीत एखादा दाणा खड्यासारखा लागतो, दात दुखावतो.

तो गणंग. मटकीत काही दाण्यांची साल इतकी घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही. ते भिजल्यावरही बारीक, गडद आणि टणक राहतात. बांधण्याआधी मटकी परातीत पसरून हात फिरवा, फुगलेल्या दाण्यांत ते लगेच बोटांना लागतात. जुन्या मटकीत जास्त सापडतात. सगळीच मटकी शिजत नसेल तर बोअरचं जड पाणी हे कारण असू शकतं. त्यातल्या चुन्याच्या क्षारांमुळे कडधान्य मऊ होत नाही. भिजवायला आणि शिजवायला गोडं पाणी वापरून बघा. चिमूटभर सोड्याने काम होतं, पण बी१ जीवनसत्त्व कमी होतं आणि चवही बदलते.

मटकीऐवजी दुसरं कडधान्य घेतलं तर?

घ्या की. मूग सगळ्यात सोपे आणि पोटाला हलके. चवळी भिजवली नाही तरी कुकरला होते, घाईच्या दिवशी तीच. अख्खा मसूरही तसाच, कांदा-लसूण मसाला घालून केला की कोल्हापूर-सांगलीकडची चव. हुलग्यांना (कोकणात कुळीथ) उग्र वास असतो, पण थंडीत आणि पावसाळ्यात तो हवासा वाटतो. शिजवल्यावर वरचं पाणी ओतू नका, त्याचं कळण करा. कडवे वाल मोड आणून, सोलून, डाळिंब्या करून कण्यांवर घेतले तर काय सांगावं! मात्र सोलण्याचं काम आदल्या रात्री टीव्हीसमोर दोघा-तिघांनी मिळून करायचं, सकाळी एकट्याने नाही. डिसेंबर-जानेवारीत पावट्याचे ओले दाणे आणि तुरीचे दाणे मिळतात, त्यांना ना भिजवणं ना मोड.

राजम्याबाबत एक सूचना: तो कुकरलाच शिजवा किंवा कमीत कमी दहा मिनिटं खळाखळा उकळवा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं, आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ते पुरतं नष्ट होत नाही.

आणि ज्वारीऐवजी?

बाजरीच्या कण्या थंडीत. त्या लवकर खवट होतात, म्हणून आठवड्यापुरत्याच काढा. खपली गव्हाचा जाड दलिया सुरेख लागतो. वरी दहा-बारा मिनिटांत होते पण चावायला काही उरत नाही. नाचणीचा दाणा बारीक, त्याचा असा वाडगा जमत नाही, तिला आंबीलच शोभते. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज न्याहारीला पूर्वीपासून आहे. पेजेचं पाणी वेगळं पिऊन शितं वाडग्यात घेतली आणि त्यावर मुगाची उसळ घातली की झालं. अख्खी ज्वारीही चालते, पण रात्रभर भिजवूनही कुकरला अर्धा तास लागतो.

हुरड्याच्या दिवसांत मात्र ज्वारी भिजवण्याचं नावही काढू नका. सुरती किंवा गूळभेंडीचा कोवळा हुरडा भाजलेला मिळाला तर तोच वाडग्यात घ्या, उसळ थोडीच, लसणाची चटणी जास्त.

कण्या म्हटल्या की ताक हवंच. ते सोडलं तर कोरडं नाही लागत?

लागेल, जर उसळीचा रस्सा आटवलात तर. ताकाची जागा घ्यायला सोलकढी आहेच, नारळाचं दूध आणि आमसुलाचा आगळ. तिच्यात दुधाचा थेंबही नसतो. देशावरच्या चवीला ती परकी वाटत असेल तर दाण्याचं कूट दोन चमचे, लिंबू, मीठ, जिरेपूड आणि पाणी घुसळून ताकासारखं पातळ करा, त्यावर हिरव्या मिरचीची फोडणी. ताक नाही, पण ताकाची उणीव भासू देत नाही. कैरीच्या दिवसांत भाजलेल्या कैरीचा गर त्यातच.

प्रथिनं पुरतील का?

एका वाडग्यात साधारण ४५ ग्रॅम ज्वारी, ३० ग्रॅम मटकी आणि दहाएक ग्रॅम दाणे पडतात. ज्वारीत दर शंभर ग्रॅमला जवळपास १० ग्रॅम प्रथिनं, मटकीत २० च्या आसपास, दाण्यांत त्याहून थोडी अधिक. म्हणजे १२-१३ ग्रॅम हाती लागतात आणि साधारण ४०० कॅलरी. निरोगी प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० सालचं प्रमाण. साठ किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम, त्यातला चौथा हिस्सा न्याहारीतच आला. शिवाय धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यात आहे. भाकरी-उसळ, वरण-भात याच हिशोबावर चालत आलेत.

ब१२ आणि लोहाचं काय?

ब१२ यात नाही. दूधही सोडलं असेल तर गोळी किंवा पोषणवर्धित पदार्थ लागतात, आंबवण्याने किंवा मोडांनी ते येत नाही, कोणी काहीही सांगो. लोह आहे, पण अंगी लागायला आंबट हवं: लिंबू पिळा, पेरूची फोड खा. आणि चहा लगेच घेऊ नका, तासभर थांबा. मला माहीत आहे, हे ऐकणार कोणी नाही.

ग्लुटेन चालत नाही, त्यांनी खावं का?

ज्वारी आणि मटकी दोन्हींत ग्लुटेन नाही. लबाडी हिंगात आहे. डबीतलं बांधानी हिंग बहुधा मैदा किंवा गव्हाच्या पिठात मळलेलं असतं. लेबल वाचा, तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं. दुसरी अडचण गिरणीची: आधी गहू दळलेल्या जात्यात ज्वारी टाकली तर सेलिअॅकच्या रुग्णाला तेवढंही बाधतं. त्यांनी घरच्या मिक्सरचाच वापर करावा.

मधुमेह आहे, चालेल?

पोह्या-उपम्यापेक्षा यात तंतू आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे साखर सहसा हळू चढते. तरी कण्या पिष्टमयच. त्या पाऊण वाटी घेऊन उसळ वाढवा, गूळ वगळा आणि दोन तासांनी मीटरवर आपलं आपण पाहा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

गॅस होतो हो.

भिजवलेलं पाणी फेकून द्या, कारण गॅस करणाऱ्या शर्करांचा बराच भाग त्यातच उतरतो. फोडणीत हिंग-ओवा घाला आणि सुरुवात मुगाने, अर्ध्या वाटीने करा. सवय नसलेल्या पोटाला एकदम इतके तंतू दिले की ते तक्रार करणारच. दोनेक आठवड्यांत बहुतेकांचं जमून जातं.

उपवासाला करता येईल?

ज्वारी-मटकी नाही. पण वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हे काय वेगळं आहे? वरी भरडधान्य आणि शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने शेंगवर्गातला, म्हणजे धान्य-कडधान्याचीच जोडी. तुपाऐवजी शेंगदाणा तेलात जिऱ्याची फोडणी द्या. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर उसळीत कांद्याऐवजी दुधी किसून घाला, रस्साही दाटतो.

आम्ही परदेशात आहोत. ज्वारी कुठे मिळेल?

भारतीय दुकानात ज्वारी, आणि अमेरिकेत साध्या दुकानांतही 'सोरघम' नावाने अख्खा दाणा मिळतो. कॅन्ससमध्ये तर ती मैलोनमैल पिकते, जरी बरीचशी जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. 'पर्ल्ड' लिहिलेली पॉलिश केलेली असते: लवकर शिजते, कोंडा गेलेला असतो. मटकी 'मॉथ बीन्स' म्हणून मागा. थंड घरात मोड आणायला बंद ओव्हनमधला नुसता दिवा लावून पुरचुंडी आत ठेवा, आणि ओव्हनच्या दारावर चिठ्ठी चिकटवा. घरातलं दुसरं कुणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवायला घेतंच.

सकाळी सातला निघायचं असतं. एवढं कोण करणार?

सकाळी कोणी करतही नाही. रविवारी मटकीचे मोड काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस टिकतात. फ्रीजरमध्ये महिनाभर. कण्या शिजवून गार करून डब्यात भरल्या तर तीन-चार दिवस चांगल्या राहतात. ओट्यावर मात्र दोन तासांहून जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये त्या ढेकळासारख्या होतात, घाबरू नका: हाताने फोडून पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवून वाफ आणा, पुन्हा मोकळ्या. डब्यात नेताना उसळ वेगळ्या डबीत, नाहीतर ऑफिसात पोचेपर्यंत कण्या सगळा रस्सा पिऊन बसतात.

मुलं नाक मुरडतात.

वाडगा तयार करून पुढ्यात ठेवू नका. कण्या, उसळ, काकडी, दाणे, खोबरं वेगवेगळं मांडा, त्यांना वाढून घेऊ दे. तिखट मोठ्यांच्या वाडग्यात वरून घाला.

उरलं तर?

दोन्ही एकत्र कुस्करून त्यात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ (मघाशी चाळून काढलेलं), तीळ, ओवा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घाला. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोकं पाडा, तव्यावर तेल सोडून झाकण ठेवा. कडा सुटल्या की उलटा. या थालीपिठाला पाणी जवळजवळ लागतच नाही, उसळीचा रस्सा पुरतो.